पडशी हलकी, हिशेब सरळ



वारीला निघणाऱ्या माणसाची पडशी कधी नीट पाहिली आहे का? अंगावरचा एक, धुवायचा एक असे कपडे, पांघरूण, तांब्या, टाळ, हरिपाठाची पोथी, गोपीचंदन. पहिल्यांदा निघणारा मात्र घरातलं बरंच काही सोबत घेतो. लागलं तर असू दे, म्हणतो. मग पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट लागतो आणि प्रत्येक जादा वस्तू खांद्याला आपलं वजन सांगू लागते. पुढच्या वर्षी त्याच माणसाची पडशी निम्मी झालेली असते. त्याला कोणी उपदेश केलेला नसतो, घाटानेच शिकवलेलं असतं.

आपल्यातले पुष्कळजण छोटा धंदा करतात. कोणाचं किराणा दुकान आहे, कोणाची पिठाची गिरणी, कोणाचं शिलाईचं यंत्र, कोणाची रसवंती. त्यांच्यासमोर आज एक प्रश्न ठेवायचा आहे. धंद्याची पडशी किती भरावी? धंदा साधा ठेवणं हा आळस समजावा, की धर्म?

आपल्या संतांना धंद्याचं वावडं नव्हतं. सावता महाराजांनी अरणला मळा राखला, गोरोबाकाकांनी तेरला मडकी घडवली, नरहरी महाराजांनी पंढरीत सोनारकाम केलं. तुकोबारायांच्या घरी तर वाण्याचा व्यवसाय आणि सावकारी होती. त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण कीर्तनात नेहमी ऐकतो आणि त्यांना व्यवहाराचा वीट आला होता असा अर्थ काढतो. पण परंपरेने त्या आधीची एक गोष्टही जपून ठेवली आहे. महाराजांनी आधी वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा हिस्सा त्यांच्या हाती दिला आणि मग आपल्या वाट्याची खतं पाण्यात सोडली. भावाच्या हक्काला धक्का लागला नाही. वाचकहो, एवढा स्वच्छ त्याग करायलासुद्धा हिशेब सरळ लागतो. ज्याचा हिशेब गुंतलेला असतो त्याला धड दानही करता येत नाही, कारण देतोय ते आपलं की दुसऱ्याचं, हेच त्याला ठाऊक नसतं.

आता पंढरपुरातलं एखादं प्रासादिक वस्तूंचं दुकान डोळ्यांसमोर आणा. चुरमुरे, बत्तासे, पेढे, कुंकू, बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा. वर्षाचा धंदा मुख्यतः चार वाऱ्यांवर, त्यातही आषाढी आणि कार्तिकीवर चालतो. समजा, एका दुकानदाराने एवढ्याच मालावर, स्वतःच्या पैशात, संसार नीट चालवला आहे. शेजारच्या दुकानात पितळी मूर्ती, तसबिरी, खेळणी आली. यालाही वाटलं, आपण का मागे राहायचं? त्याने आषाढीच्या महिनाभर आधी, महिना २ टक्के व्याजाने ३ लाख रुपये उचलले आणि तो सगळा माल भरला.

वारीत त्यातला निम्मा माल खपला. खरेदीवर २० टक्के सुटले असं धरलं, तर नफा ३० हजार. पहिल्या महिन्याचं व्याज ६ हजार. विक्रीतून दीड लाख मुद्दल लगेच फेडलं, तरी उरलेल्या दीड लाखावर कार्तिकीपर्यंतच्या चार महिन्यांचं व्याज १२ हजार. म्हणजे चार-पाच महिन्यांच्या धावपळीनंतर हातात १२ हजार, माळ्यावर दीड लाखाचा माल आणि डोक्यावर दीड लाखाचं कर्ज. हे गणित चौथीतल्या मुलालाही येईल. पण माल भरताना ते कागदावर मांडलंच नव्हतं.

नुकसान इथेच थांबलं तर एक वेळ चालेल. पण कर्जाने घेरलेला माणूस पुढे काय करतो? बुक्क्यात भेसळ करावीशी वाटते. तुळशीची माळ म्हणून दुसऱ्याच लाकडाचे मणी ओवून द्यावेसे वाटतात. एकादशीच्या गर्दीत भाव दुप्पट सांगावासा वाटतो. तो मुळात लबाड नसतो. पण गुंता वाढला की सत्य परवडेनासं होतं. आणि घेणारा कोण असतो? शेकडो मैल चालून आलेला, ती माळ गळ्यात घालून मरेपर्यंत नेम पाळणारा वारकरी. त्याच्या गळ्यात खोटे मणी घातले, तर त्याची भरपाई कुठल्या नफ्यातून करणार?

म्हणून धंद्यातला साधेपणा हा मला नीतीचा प्रश्न वाटतो. साध्या धंद्यात लपायला जागा नसते. चार वस्तू विकणाऱ्याला कोणती चालते, कोणती बुडवते, हे रोज दिसतं. चाळीस वस्तूंच्या गर्दीत एकीचा तोटा दुसरीच्या आड दडतो आणि मालक स्वतःलाच फसवत राहतो.

साधेपणा फुकट मिळत नाही, हेही सांगितलं पाहिजे. जीएसटीचंच उदाहरण घ्या. वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजना घेता येते. उलाढालीवर १ टक्का कर, तो तीन महिन्यांतून एकदा भरायचा, किचकट कागदपत्रं कमी. पण त्या बदल्यात ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही, खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल विकता येत नाही. ज्याचं गिऱ्हाईक दारात येतं, त्याला ही सोय बरी. ज्याला इंदूर-बेळगावला माल पाठवायचा आहे, त्याने नेहमीची वाट धरावी. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. आपलं गिऱ्हाईक कोण, हे आधी ठरलं असेल तर निवड अवघड नाही. ते ठरलं नसेल तर कुठलाही सल्लागार आपल्याला वाचवू शकत नाही.

कोणी म्हणेल, "महाराज, साधं राहायला सांगणं सोपं आहे. मुलीचं कॉलेज, घरातलं आजारपण, बाजूला उभा राहिलेला मॉल, हे सगळं कसं भागवायचं? वाढलं तर पाहिजेच!" हा आक्षेप खरा आहे. गरजेपोटी वाढायचं पाप कोणी म्हणणार नाही. पण दिंडी कशी वाढते ते पाहा. नवा वारकरी आला की त्याची भिशी लिहून घेतात, राहुटीत त्याची जागा ठरते, स्वयंपाकाला शिधा तेवढा वाढतो. पंगत मोजून डाळ शिजते. गर्दी दिसावी म्हणून कोणी शंभर पानं जास्त मांडत नाही. दुकानात क्यूआर कोड लावला, तर सुट्ट्यांसाठी ताटकळणाऱ्या आजीबाईंच्या नातवाची सोय होते. ती वाढ योग्यच. शेजाऱ्याच्या काचेच्या कपाटाकडे पाहून कपाट आणलं, तर त्यात आपला अभिमान तेवढा मांडला जातो, आणि त्याचा हप्ता दरमहा भरावा लागतो.

तेव्हा कोणतीही योजना एका पानावर मावली पाहिजे. त्यात तीनच गोष्टी असाव्यात: मी कोणाची गरज भागवतो, कोणत्या मालाची मला स्वतःला खात्री देता येते, आणि सगळ्यांचं देणं दिल्यावर माझ्या हाती काय उरतं. या तिन्हींची उत्तरं घरच्या लक्ष्मीला एका बैठकीत समजावून सांगता येत नसतील, तर योजनेत काहीतरी दडलं आहे असं समजावं. आणि चौथी ओळ ज्याची त्याने लिहावी: मला पुरे कधी होईल? हा आकडा बाहेरून कोणी देऊ शकत नाही. तो लिहिला नाही, तर हाव तो रोज खोडून नवा लिहीत राहते.

महिन्यात दोन एकादश्या येतात. आपण त्या दिवशी पोटाला विश्रांती देतो, हरिनाम घेतो. येत्या एकादशीला तासभर काढून माळ्यावरचा माल खाली उतरवा. काय पडून आहे, कोणाचं देणं थकलं आहे, कोणत्या वस्तूची आपल्याला मनातून लाज वाटते, ते लिहून काढा. ज्याची लाज वाटते ती वस्तू आधी बंद करा. गल्ल्यात थोडं कमी पडेल. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना हात कापणार नाही.

रामकृष्ण हरी.