पैशांची वाट जपणारे दुकान

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, वॉगा वॉगापासून जवळच, कूलामन हे गव्हाच्या मुलखातले सुमारे दोन हजार वस्तीचे गाव आहे. तिथे १९०९ साली उभे राहिलेले ‘अप-टू-डेट स्टोअर’ आज वारसावास्तू म्हणून जपले जाते. जुने दुकान जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे? बहुतेक ठिकाणी दर्शनी भिंत राखून समाधान मानले जाते. दुकानाचा खरा वारसा मात्र त्याच्या व्यवहाराच्या रीतीत असतो, आणि ती रीत कूलामनमध्ये डोळ्यांना दिसते. लॅमसन पद्धतीची चेंडूंची यंत्रणा तिथे मूळ जागी टिकून आहे. विक्रेत्याने गिऱ्हाइकाचे पैसे आणि पावती पोकळ लाकडी चेंडूत घालायची आणि चेंडू वर चढवायचा. तो उतरत्या रुळांवरून घरंगळत रोखपालाकडे जातो आणि सुटे पैसे घेऊन दुसऱ्या उताराने परततो. चेंडूंचे आकार वेगवेगळे असल्याने प्रत्येक चेंडू आपल्याच काउंटरवर उतरतो. वीज नाही, इंजिन नाही. उताराचेच सगळे काम. हे रूळ काढले, तर डोक्यावरची मोकळी उंची उरेल, पण वेगवेगळे विभाग मिळून एकच दुकान कसे होत होते, हे कळणार नाही.

ही यंत्रणा नोकरांवरच्या अविश्वासाची खूण आहे, मग तिचे कौतुक कशाला, असा आक्षेप घेता येईल. तो अर्धा खरा आहे. अमेरिकेतल्या लॉवेल शहरातला दुकानदार विल्यम लॅमसन याने १८८०च्या सुमारास ही कल्पना रुजवली. तिने पैसे घेऊन धावणाऱ्या पोरांची धावपळ वाचवली, आणि सगळी रोकड एका नजरेखाली आल्याने मालकाची पकडही घट्ट केली. पण म्हणूनच ती राखायला हवी. कोण राबत होते आणि कोणाचा कोणावर किती भरवसा होता, याची साक्ष दर्शनी भिंत देत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : जित्या गावाला इमारती वापरायला हव्यात, नुसत्या बघायला नव्हेत. ते मान्यच. माल बदलावा, काउंटरमागचा धंदाही बदलावा. मात्र दुरुस्तीच्या वेळी काय काढायचे, असा प्रश्न पडला, की आधी एक गोष्ट तपासावी : या फेरफाराने गिऱ्हाइकाच्या हातापासून रोखपालापर्यंतची पैशांची वाट तुटते का? तुटत असेल, तर तो फेरफार टाळावा.