घेण्याआधीचे दोषदर्शन

योगसूत्रांतल्या पाच यमांपैकी शेवटचा यम अपरिग्रह. या सूत्रांवरच्या व्यासभाष्याने त्याचा अर्थ वस्तूंचा तिटकारा असा लावलेला नाही. वस्तूचे दोष दिसल्यामुळे ती न स्वीकारणे, असा तो अर्थ आहे. म्हणजे आधी पाहणे आले, मग नाकारणे. हे दोष पाच: मिळवण्यातला, राखण्यातला, झिजण्यातला, आसक्तीतला आणि हिंसेतला. डिजिटल कॅमेरा घेताना होणारी चौकशी या यादीशी ताडून पाहण्याजोगी आहे. दुकानात मेगापिक्सेल, झूम, बॅटरी विचारली जाते. वस्तू कामात कुठे कमी पडेल, एवढाच त्या चौकशीचा आवाका. भाष्यकाराचा प्रश्न निराळा आहे. वस्तू अगदी उत्तम निघाली, तरी ती मालकीची झाल्याने काय होईल?

मिळवण्याचा दोष किमतीपुरता नसतो. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतला की पुढची लेन्स सहसा त्याच माउंटची, म्हणजे त्याच कॅमेऱ्याला बसणाऱ्या जोडणीची लागते, म्हणजे पहिली खरेदी पुढच्या खरेद्या ठरवून टाकते. राखण्याचा दोष कोकणात कोणालाही चटकन पटेल. पावसाळ्यातल्या दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या आणि हवाबंद डबा हा मग घरातला कायमचा जामानिमा होतो. त्याहून जड काम फोटो राखण्याचे. निगेटिव्ह पाकिटात पडून राहते आणि वर्षानुवर्षांनी उजेडासमोर धरली तरी दिसते. डिजिटल फाइलला मात्र प्रत लागते, प्रतीची प्रत लागते, आणि ती उघडणारे यंत्र चालू असावे लागते.

झिजण्यात दोन गोष्टींची गल्लत होते. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही हळूहळू क्षीण होते, यांत्रिक शटरला आयुष्य असते; ही खरी झीज. पण नवे मॉडेल बाजारात आले म्हणून हातातला कॅमेरा ‘जुना’ होतो, तेव्हा त्याच्यात काहीच बिघडलेले नसते. काल जसा फोटो निघत होता तसाच आजही निघतो. ही झीज मालकाच्या मनातली आहे. तिची गणना आसक्तीतच करायला हवी.

हिंसेच्या बाबतीत डिजिटल कॅमेऱ्याच्या पारड्यात एक गोष्ट टाकलीच पाहिजे. फिल्मवरचा प्रकाशसंवेदी थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. डिजिटल कॅमेऱ्याने ते टळले. पण त्याच्या बॅटरीत बहुधा कोबाल्ट असते. जगातले निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येते, आणि तिथे हाताने खणल्या जाणाऱ्या काही खाणींत मुलेही राबतात.

आसक्तीचा दोष विकत घेण्याआधी तोलणे सर्वांत अवघड, कारण तो वस्तू हाती आल्यावरच उमटतो. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या दुसऱ्या दिवशी त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तेव्हा मात्र हा तोटा दिसला नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा कमी, पाहण्याचे काम त्याच्यावर सोपवून मोकळे होण्याचा अधिक.

जैन परंपरेत उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात नेमके हेच धरले आहे: मूर्च्छा, म्हणजे वस्तूतले गुंतणे, हाच परिग्रह. यावर शंका येते ती रास्त आहे. दहा कॅमेरे बाळगून ‘मी कशातच गुंतलेलो नाही’ असे कोणीही म्हणू शकेल. गृहस्थासाठी परिग्रह-परिमाणाचे व्रत आहे, त्यामुळे ही पळवाट बंद होते. किती ठेवायचे, ती मर्यादा तो आधीच ठरवतो, आणि मर्यादा मोजता येते.

अपरिग्रहाचे व्रत पाळणाऱ्या सेवाग्राम आश्रमात कॅमेरा आला तो असाच मर्यादा घालून. गांधीजींचे नातलग कनू गांधी यांना फोटो काढायचे होते. रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यासाठी उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी १०० रुपये दिले. गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला पोझ द्यायला सांगायचे नाही, आणि आश्रमाकडून पैसा मिळणार नाही. तिसरी अट मिळवण्याच्या दोषाला उत्तर देते. पहिल्या दोन अटी समोरच्या माणसाला होणारा उपद्रव टाळतात, म्हणून त्या हिंसेच्या सदरात घालता येतील. किती फोटो काढायचे, यावर अट घालण्याची गरज नव्हती. रोलायफ्लेक्सच्या एका रोलवर बाराच फोटो निघत आणि रोलला पैसे पडत. मेमरी कार्डावर हजारो फोटो मावतात, तेव्हा डिजिटल कॅमेरा घेणाऱ्याला ही चौथी अट स्वतःच घालून घ्यावी लागते, आणि तीही पैसे मोजण्याआधी.