आडनावाआधीची उतरंड

आडनाव टाका, जात आपोआप गळेल, असे म्हणणाऱ्यांना अलीकडे प्राचीन ज्यू समाजाचा दाखला फार आवडू लागला आहे. तिथे अमक्याचा मुलगा (‘बेन’) तमका एवढ्यावर भागत असे. आडनावे लादली ती राजांनी, उदाहरणार्थ हॅब्सबर्ग सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८७ साली. त्याआधी माणूस निव्वळ माणूस होता. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या नावात आईचे नाव घालणे महाराष्ट्रात सक्तीचे झाले, तेव्हापासून तर या युक्तिवादाला ऊतच आला आहे. आडनाव हा संस्कृतीचा ठेवा मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ‘बेन’ म्हणजे शुद्ध पितृसत्ता म्हणणाऱ्यांनी दावीद राजाचा सेनापती योआब कायम त्याच्या आईच्या, सरूवाच्या नावाने का ओळखला जातो, ते पाहावे. मला बोलायचे आहे ते ‘निव्वळ माणसा’बद्दल.

आडनाव नव्हते, हे खरेच. पण नावांचा तुटवडा भयंकर होता. रोमन काळातल्या यहूदियात जो तो शिमोन नाहीतर योसेफ. बायकांत निम्म्याजवळ मिर्याम किंवा शालोम. १९६१ मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहेत बाबाथा नावाच्या बाईचे दप्तर सापडले. तिचा पहिला नवरा येशू, सासरा येशू आणि मुलगाही येशू. मग लोक धंदा, गाव, व्यंग, हाताला लागेल ते नावाला जोडत. वहाणा करणारा योहानान, लोहार इसहाक, बाबेलचा हिल्लेल. इतिहासकार जोसेफस आत्मचरित्रात स्वतःची वंशावळ देतो, तिच्या मुळाशी ‘तोतरा शिमोन’ आहे आणि त्याबद्दल त्याला जराही संकोच नाही.

घोटाळा व्हायचा तो कागदावर. मिश्ना या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातल्या बाबा बात्रा या भागात एक नमुनेदार पेच दिला आहे. एकाच गावात योसेफ बेन शिमोन नावाचे दोघे असतील, तर त्यांना एकमेकांवर कर्जरोखा वसूल करता येत नाही. तिसऱ्यालाही त्यांच्यापैकी कोणावर करता येत नाही, कारण रोख्यातला योसेफ नेमका कोणता हे ठरणार कसे? सावकाराच्या दप्तरात योसेफ बेन शिमोनचा रोखा फिटल्याची नोंद निघाली, तर दोघांचेही कर्ज फिटले असे धरायचे. (ऋणकोला याहून सोयीचा कायदा शोधून सापडायचा नाही.) यावर तोड म्हणजे आजोबाचेही नाव लिहायचे. आजोबाही एकाच नावाचे निघाले तर अंगावरची एखादी खूण लिहायची. खूणही सारखीच असेल, तर ‘कोहेन’ लिहायचे, म्हणजे याजककुळातला.

या शेवटच्या शब्दापाशी थांबायला हवे. रोख्यातला ‘कोहेन’ फक्त फरक सांगतो: हा योसेफ, तो नव्हे. तोच शब्द मंदिराच्या दाराशी पायरी सांगतो: हा आत, तो बाहेर. फरक सांगणे आणि पायरी सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आडनावावरची आपली सगळी चर्चा त्यांची गल्लत करते.

पायरीला आडनावाची गरज कधीच नव्हती. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची यादी बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकात आहे. त्यात बर्जिल्लयाच्या मुलीशी लग्न करून सासऱ्याचे नाव घेतलेल्या एका याजकाचे वंशज येतात. वंशावळीच्या नोंदीत त्यांचे नाव सापडले नाही आणि त्यांना याजकपदावरून दूर केले गेले. यावर उत्तर येते की हा मूठभर याजकांचा मामला झाला, सामान्यांचे काय? सामान्यांसाठी मिश्नाचा किद्दुशीन हा भाग उघडावा. बाबेलहून दहा प्रकारची कुळे आली, असे तिथे सांगितले आहे: याजक, लेवी, इस्राएली, खाली येत येत मुक्त झालेले दास, निषिद्ध संबंधातून झालेली संतती, बाप ठाऊक नसलेले आणि सर्वांत शेवटी रस्त्यावर सापडलेले मूल. पुढे कोणी कोणाशी लग्न करावे याचे नियम. यातल्या एकालाही आडनाव नव्हते. मग, धर्मशास्त्रातली यादी आणि रोजचे जगणे वेगळे, असे म्हणतात. असेलही, पण हा बचाव आपण आपल्या स्मृतिग्रंथांसाठी चालवून घेतो का?

पायरीला आडनाव लागत नाही, याचा पुरावा कोकणातही आहे. मुंबईत १७९६ साली सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे शमुवेल, यहेज्केलचा मुलगा, दिव्याचा. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, किहीमकर, पेणकर ही आडनावे सरळ गाव सांगतात, फरकापुरती, गावातल्या कोणालाही लागू पडतील अशी. पण याच समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. रोटीबेटीच्या वेळी तो काटेकोर पाळला जाई, आणि ‘कर’ लावलेल्या नावावरून तो कोणालाही ओळखता आला नसता. गाव आडनावात होते. पायरी ठाऊक होती सोयरीक ठरवणाऱ्या म्हाताऱ्यांना.