शोक आणि प्रतीक्षा : बेपत्ता माणसाच्या आप्तांचा नैतिक पेच

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ यांच्यातील भेद सांगताना भरतमुनींनी जो निकष वापरला आहे, तो प्रथमदर्शनी केवळ रसव्यवस्थेच्या सोयीचा वाटतो. निःश्वास, अश्रू, ग्लानी आणि देहाची कृशता दोन्हींकडे सारखीच आहे. भेद आहे तो अपेक्षेचा. करुण निरपेक्ष आहे, कारण गेलेला परत येणार नाही हे तेथे निश्चित झालेले असते. विप्रलंभ सापेक्ष आहे, कारण पुनर्मीलनाची वाट तेथे खुली असते. म्हणजे भावनेचे स्वरूप तिच्या तीव्रतेवरून ठरत नसून एका ज्ञानावरून ठरते. शोक करण्यासाठी काहीतरी ठाऊक असावे लागते. आता ज्या कुटुंबातील माणूस उचलून नेला गेला आणि त्याचे पुढे काय झाले हे कळलेच नाही, त्या कुटुंबाची मनोवस्था कोणत्या रसाखाली घालावयाची? ती निरपेक्ष नाही, कारण मृत्यू सिद्ध नाही. आणि तिला सापेक्ष म्हणणेही क्रूर ठरते, कारण अपेक्षेला कसलाच आधार उरलेला नसतो.

उत्तरकालीन शास्त्रकारांना या फटीची जाणीव झालेली दिसते. विश्वनाथाने साहित्यदर्पणात करुणविप्रलंभ असा एक प्रकार मानला आणि त्याला कादंबरीतील महाश्वेता-पुंडरीकाचे उदाहरण दिले. पुंडरीक मरण पावला आहे, पण पुनर्भेट होईल असे आश्वासन आकाशवाणीने दिले आहे. शास्त्राने फट बुजविली खरी, परंतु ती दैवी वचनाच्या आधारे. ज्यांना असे वचन मिळत नाही, त्यांच्याविषयी शास्त्र मौन पाळते.

हा प्रश्न निव्वळ काव्यशास्त्रीय राहत नाही, हे मराठवाड्याला दूर न जाता कळू शकते. परभणीचा ख्वाजा युनूस हा 27 वर्षांचा संगणक अभियंता दुबईत नोकरीला होता. 2 डिसेंबर 2002 रोजी घाटकोपर येथे बसमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि त्या प्रकरणी त्याच महिन्यात ‘पोटा’ कायद्याखाली त्याला अटक झाली. जानेवारी 2003 च्या पहिल्या आठवड्यात पोलिसांनी जाहीर केले, की तपासासाठी औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ वाहनाला अपघात झाला आणि त्याचा फायदा घेऊन आरोपी पळून गेला. त्यानंतर युनूस कोणाला दिसला नाही. त्याचा देहही मिळाला नाही. कुटुंबाने उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाच्या आदेशाने तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, आणि पलायनाची हकीकत रचलेली असल्याचा निष्कर्ष त्या तपासातून पुढे आला. 14 पोलिसांचा संबंध दाखविला गेला. शासनाने खटल्यास मंजुरी दिली ती चौघांपुरती. त्यांत सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांचा समावेश होता. ज्या स्फोटासाठी हे सारे झाले, त्या खटल्यातील उरलेले आरोपी 2005 साली निर्दोष सुटले.

भाषेचा अभ्यास करणाऱ्याने येथे एका शब्दापाशी थांबले पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘फरार’. भोकरदन तालुक्याच्या टोकाला असलेल्या धावड्यापासून परभणीपर्यंत कोठेही गेले, तरी नाहीशा झालेल्या माणसासाठी मराठीजवळ शब्दांची वाण नाही. तो हरवतो, परागंदा होतो, बेपत्ता होतो, नाहीसा होतो. ही सगळी अकर्मक रूपे आहेत. क्रिया घडते, पण करणारा दिसत नाही. ‘नाहीसा झाला’ याचे ‘नाहीसा केला’ असे प्रयोजक रूप होताच वाक्यात कर्त्याची जागा तयार होते आणि ती रिकामी ठेवता येत नाही. कुटुंबाचा सारा लढा एका अर्थाने या ‘झाला’पासून ‘केला’पर्यंत जाण्याचा असतो. ‘फरार’ हा शब्द मात्र याहून धूर्त आहे. तो कर्ता लपवीत नाही. तो कर्ता बदलतो. ज्याला नाहीसे केले गेले, त्यालाच तो आपल्या नाहीसेपणाचा कर्ता ठरवितो. पलायनाची फिर्याद नोंदविली गेली की कागदोपत्री युनूस हा शोधावयाचा गुन्हेगार होतो आणि त्याची आई ही गुन्हेगाराची आई. दुःखाबरोबर संशयही त्याच घरी पोहोचता केला जातो. अन्यायाची ही जात साध्या खोटेपणाहून निराळी मानावयास हवी, कारण येथे व्याकरणच फितूर झालेले असते.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी गुप्तहेरकथेविषयी 1966 साली मांडलेले विवेचन मराठी समीक्षेला अपरिचित नाही. अशा कथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची, जी घडून गेलेली असते आणि अनुपस्थित असते, दुसरी शोधाची, जी आपल्यासमोर घडते. दुसरी पहिलीपर्यंत जाऊन पोहोचते आणि तेथे कथा संपते. या प्रारूपात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की शोध घेणारा आणि गुन्हा करणारा हे भिन्न असतात. कोठडीत माणूस नाहीसा होतो तेव्हा हेच गृहीत कोसळते. शोधाची कथा लिहिण्याची साधने, म्हणजे स्टेशन डायरी, पंचनामा, वाहनाची नोंद, ज्या यंत्रणेकडे असतात तीच पहिल्या कथेत पात्र असते. मग दुसरी कथा पुढे सरकत नाही. तिला तारखा पडत जातात. 2018 च्या जानेवारीत युनूसबरोबर अटकेत असलेल्या आणि पुढे निर्दोष ठरलेल्या एका सहआरोपीने न्यायालयात साक्ष दिली, की त्याने युनूसला मारहाण होताना आणि रक्ताची उलटी करताना पाहिले होते. घटनेला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. या साक्षीत नाव आलेल्या आणखी चौघांना आरोपी करावे असा अर्ज करणाऱ्या विशेष सरकारी वकिलांना त्याच वर्षी त्या कामातून दूर करण्यात आले. 2020 साली निलंबित पोलीस सेवेत परतले आणि आईला पुन्हा न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. वाझे यांना 2021 साली सेवेतून काढले गेले ते वेगळ्याच प्रकरणात.

हे अपवादात्मक नाही. कोझिकोडच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी पी. राजन याला आणीबाणीत, 1 मार्च 1976 रोजी, पोलिसांनी नेले. त्याचे वडील टी. व्ही. ईच्चर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक होते. आणीबाणी उठल्यावर त्यांनी बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला आणि त्याच्या परिणामी एप्रिल 1977 मध्ये के. करुणाकरन यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. एका बापाच्या अर्जाने मुख्यमंत्री गेला. मुलाचा देह मात्र 2006 साली वारियर वारले तोवर मिळालेला नव्हता. ज्या अर्जाच्या नावातच देह समक्ष आणण्याची मागणी आहे, त्यातून सरकार खाली येऊ शकते, देह येऊ शकत नाही, ही विसंगती दोन्ही प्रकरणांना जोडते.

तेव्हा असे कुटुंब नेमके काय मागत असते? न्याय, असे उत्तर सहज दिले जाते. ते अपुरे आहे. अश्विनी बिद्रे या पोलीस अधिकारी एप्रिल 2016 मध्ये नाहीशा झाल्या. त्यांचे अवशेष मिळाले नाहीत, तरी 2025 साली पनवेलच्या न्यायालयाने पोलीस अधिकारी अभय कुरुंदकर यांना खुनासाठी जन्मठेप दिली. देह नसताना दोष सिद्ध होऊ शकतो, हे भारतीय कायद्याला नवे नाही. येथे निवाडा मिळाला, अस्थी मिळाल्या नाहीत. म्हणजे दंड आणि सत्य या दोन मागण्या निरनिराळ्या आहेत आणि एक पुरी झाल्याने दुसरी फिटत नाही.

कायद्याला मात्र या मागण्यांचे चलन बदलून देण्याची सवय आहे. 1872 च्या पुरावा कायद्यातील कलम 108 नुसार सात वर्षे ज्याची खबर नाही तो हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद राहिली आहे. वारसा, विमा, निवृत्तिवेतन यांसाठी ती आवश्यकच आहे. मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम, 1939 मध्ये पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर पत्नीला विवाह संपविण्याचा मार्ग दिला आहे. धर्मशास्त्रातला पालाशविधी हाही त्याच जातीचा उपाय : देह नाही म्हणून पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावयाचा. या साऱ्या व्यवस्था जगणाऱ्यांची सोय पाहतात आणि त्यात काही गैर नाही. पण त्या ‘तो मेला’ असे सांगत नाहीत. ‘तो मेला असे धरून चालू’ एवढेच सांगतात. गृहीत धरणे म्हणजे जाणणे नव्हे. पिठाचा वाघ केला तरी रानातला वाघ कोठे गेला हे कळत नाही.

नुकसानभरपाईचे तसेच. 2012 साली उच्च न्यायालयाने युनूसच्या आईला एकूण 20 लाख रुपये देण्याचा आदेश शासनाला दिला, त्याच वेळी उरलेल्या पोलिसांवर खटला भरण्याची तिची विनंती मान्य केली नाही, आणि ती सर्वोच्च न्यायालयात गेली. अर्जेंटिनात 1977 पासून दर गुरुवारी प्लाझा दे मायो चौकात जमणाऱ्या मातांमध्ये याच मुद्द्यावर फूट पडली. एका गटाने शासनाचे पैसे आणि अस्थींचे उत्खनन ही दोन्ही नाकारली, कारण ती स्वीकारणे म्हणजे नाहीसे करणाऱ्यांना सांगता करून देणे आहे असे त्यांना वाटले. दुसरीकडे अनेकींना मुलाची अस्थी हवी होती. दोहोंपैकी कोणाचे चुकले, हे ठरविणे बाहेरच्या माणसाला शोभणारे नाही.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. आपली परंपरा शोकाला चिकटून राहण्याचा उपदेश करीत नाही. किसा गोतमी मेलेल्या बाळाला उराशी धरून औषध मागत फिरली, तेव्हा बुद्धाने तिला ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणावयास सांगितले; दारोदार फिरून ती समजली. मग वीस वीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या आईलाही हाच उपदेश का करू नये? याचे उत्तर कथेतच आहे. गोतमीच्या हातात देह होता. तिला जे खाली ठेवावयाचे होते, ते तिच्याजवळ होते. सावित्रीसमोरही यम उभा होता, म्हणून तिला त्याच्याशी वाद घालता आला. ज्या आईच्या हातात काहीच दिले गेले नाही, तिला ‘सोडून दे’ असे सांगणे हा उपदेश नसून थट्टा आहे. शिवाय मृत्यू सर्वांनाच येतो हे मोहरीच्या दाण्याचे सत्य आहे. माणूस कोठडीतून नाहीसा होणे हे मात्र प्रत्येक घरी घडत नाही. मानवी नियतीविषयीचे सांत्वन मानवी कृत्याला लावले, की कर्ता पुन्हा वाक्यातून निसटतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती करता येत नाही. संविधानाच्या कलम 20(3) चे हे संरक्षण युनूसच्या प्रकरणातील पोलिसांनाही आहे आणि ते असलेच पाहिजे. ‘पोटा’सारख्या कायद्यांनी हेच संरक्षण पातळ केले होते आणि त्याची किंमत युनूससारख्यांनी मोजली, हे विसरून त्याच्या नावाने ते आणखी पातळ करणे विपरीत ठरेल. परंतु मौनाचा हा अधिकार व्यक्तीचा आहे. ज्या राज्यसंस्थेने माणूस ताब्यात घेतला, पावती केली, गाडीत बसविला, तिला असा अधिकार कोठून येतो? तिने माणूस परत केला पाहिजे, किंवा त्याचे काय झाले ते सांगितले पाहिजे. चार शिपायांचा दोष सिद्ध होवो अथवा न होवो, हे देणे त्या निकालावर अवलंबून नाही. बळजबरीने नाहीसे करण्याविरुद्धच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारात आप्तांचा सत्य जाणण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदलेला आहे, तो याच कारणाने. भारताने या करारावर फेब्रुवारी 2007 मध्ये सही केली. परभणीच्या त्या घराने मुलाची वाट पाहण्यास सुरुवात करून तेव्हा चार वर्षे झाली होती. कराराला अनुसमर्थन अद्याप दिलेले नाही.