शिवणीतली माया

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात गेली चार वर्षे दर शनिवारी दुपारी शिलाईयंत्रांचा आवाज येतो. तीन वाजता दार उघडले की कुणी रिक्षातून हातमशीन उतरवते, कुणी विजेवर चालणारे छोटे यंत्र पिशवीत घालून आणते, तर कुणी केवळ कात्री, टेप आणि अर्धवट बेतलेले कापड घेऊन येते. जमणाऱ्या दहाबारा जणांत एक परिचारिका आहे, बँकेतील एक अधिकारी आहे, निवृत्त शिक्षिका आहे, दोन महाविद्यालयीन मुली आहेत आणि एक तरुण अभियंताही आहे. यांपैकी कुणाचेही पोट शिवणावर अवलंबून नाही. आपले कपडे आपण शिवावेत आणि शिवणाऱ्या चार माणसांत बसून शिवावेत, एवढ्याच ओढीने ही मंडळी येतात.

प्रारंभी मला या खटाटोपाचे नवल वाटले. तयार कुडता आज ज्या किमतीला मिळतो, त्या किमतीत पुष्कळदा नुसते कापड, अस्तर आणि दोराही येत नाही. मग हे श्रम कशासाठी? मी एकदा त्या परिचारिकेला तसे विचारले. ती म्हणाली, “फादर, आठवडाभर मी जे काम करते ते दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. बांधलेली पट्टी सोडायचीच असते, घातलेली चादर बदलायचीच असते. इथे मारलेली टीप मात्र पुढच्या शनिवारीही जागेवर असते.”

या साध्या उत्तराने मला विचारात पाडले. आपण घडवलेल्या वस्तूकडे थोडे दूर उभे राहून पाहावे आणि ‘बरे झाले आहे’ असे म्हणावे, ही माणसाची फार जुनी भूक आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वरही आपल्या सृष्टीकडे तसेच पाहतो. त्याच पुस्तकात माणसाने स्वतःच्या हातांनी केलेली जी पहिली वस्तू आपल्याला दिसते, ती अंजिराची पाने शिवून केलेले वस्त्र आहे. ते शिवण लज्जेपोटी झाले होते आणि टिकणारेही नव्हते. पुढे देवाने स्वतः त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रे केली आणि ती त्यांना घातली. बागेबाहेर पाठवण्यापूर्वी देवाने त्यांच्या अंगावर कपडा घातला, ही गोष्ट मला नेहमी हलवून सोडते.

शनिवारच्या त्या बैठकीत मी अधूनमधून जाऊन बसतो. कुणाच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झालेल्या असतात, कुणाचा गळा बेतताना कात्री पुढे गेलेली असते. हसणे होते आणि मग दुसरी कुणीतरी न सांगता जवळ बसून ते उसवू लागते. एक गोष्ट मला तिथेच प्रथम कळली. माणसाला स्वतःची पाठ स्वतः मोजता येत नाही. दंडाचे, कमरेचे माप कसेबसे घेता येईल. परंतु एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप धरायला दुसरा हातच लागतो. स्वतःचा कपडा स्वतः शिवू म्हणणाऱ्यालाही शेजारी हवा असतो. आम्हा धर्मगुरूंनाही पापनिवेदनासाठी दुसऱ्या धर्मगुरूकडेच जावे लागते, त्यासारखेच हे आहे. संत पौल करिंथ नगरात आला तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी राहिला. कारण त्यांचा आणि त्याचा धंदा एकच, तंबू करण्याचा. ज्या घरातून पुढे शुभवर्तमानाचे एवढे कार्य झाले, त्या घराशी त्याचा स्नेह हातातल्या सुईमुळे जडला होता.

इथवर सारे गोड होते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी एक वृद्ध विधवा मला भेटायला आली. आमच्याच गावात ती गेली तीसएक वर्षे शिवणकाम करते. आजींच्या लुगड्यावरच्या पोलक्यांपासून पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या पांढऱ्या झग्यांपर्यंत गावातील कितीतरी कपडे तिच्या यंत्राखालून गेले आहेत. ती उभ्याउभ्याच म्हणाली, “फादर, यंदा कम्युनियनचे पाच झगे सभागृहात शिवले गेले. ते दरवर्षी माझ्याकडे यायचे. तुमच्या बायकांचा छंद होतो, माझं मात्र लाईटचं बिल राहतं.”

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणालो, “मावशी, देव काळजी घेईल.” ती काही बोलली नाही. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना मला माझ्याच वाक्याची लाज वाटली. देवाने काळजी घ्यायची ती कुणाच्या हातांनी, हा प्रश्न मी सोयीस्करपणे टाळला होता.

तिचे गाऱ्हाणे जुने आहे. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने 1830 साली शिलाईयंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवण्यासाठी सुमारे ऐंशी यंत्रांची कार्यशाळा उभारली. 1831 मध्ये इतर शिंप्यांच्या जमावाने ती फोडली. आपण त्यांना आडमुठे म्हणून मोकळे होतो. परंतु त्यांच्या हातातील हातोड्यामागे मुलांच्या भाकरीची भीती होती. आणि तो तिमोनिए? तोही 1857 मध्ये दारिद्र्यातच वारला. याच यंत्राची दुसरी बाजू गांधीजींनी पाहिली. यंत्रांविषयी एवढा कठोर विचार करणाऱ्या त्या महात्म्याने 1924 मध्ये सिंगरच्या शिलाईयंत्राला अपवाद मानले. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते केले, त्यामागे प्रेम होते, असे ते म्हणाले. सिंगरचे चरित्र या कथेला फारसा दुजोरा देत नाही, हे खरे. तथापि गांधीजींनी लावलेला निकष मात्र मोलाचा आहे: या साधनाने कुणाचे कष्ट हलके होतात आणि कुणाचा घास जातो?

सेमिनरीत संत थॉमस अक्विनस शिकताना एक भेद आम्हाला शिकवला होता. कौशल्य हे वस्तूचे भले पाहते. विवेक हा माणसाच्या वागण्याचे भले पाहतो. उत्तम सुतार हा उत्तम माणूस असेलच असे नाही. परीक्षेपुरता तो भेद मी पाठ केला होता; मावशी येऊन गेल्यावर तो मला समजला. सभागृहात शिवले जाणारे झगे सुबक असतील, शिवणाऱ्यांना आनंदही होत असेल. पण तेवढ्याने ते कृत्य चांगले ठरत नाही. छंद निष्पाप असतो असे आपण गृहीत धरतो, कारण त्यात पैसा नसतो. परंतु ज्याला पैशाची गरज नाही त्याने फुकट केलेले काम, ज्याला गरज आहे त्याच्या कामाची किंमत उतरवू शकते.

मग यापोची टबीथा? प्रेषितांच्या कृत्यांत तिची कथा आहे. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत संत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. ही वस्त्रे तिने मोबदल्यासाठी केली नव्हती. यापोच्या शिंप्यांनी तिच्याविरुद्ध तक्रार केली असेल काय, असा प्रश्न माझ्या मनात आला आणि उत्तरही त्या कथेतच सापडले. ती ज्यांच्यासाठी शिवत होती, त्यांना शिंप्याकडे जाणे परवडणारेच नव्हते. तिने कुणाचे गिऱ्हाईक घेतले नाही. ज्यांना कुणीच गिऱ्हाईक समजत नव्हते, त्यांच्या अंगावर कपडा घातला. आमच्या सभागृहातील पाच झगे मात्र ऐपत असलेल्या घरांचे होते.

पुढच्या शनिवारी मी हा विषय मांडला. काही वेळ नुसती यंत्रे थांबली. “आम्ही घरच्यापुरतेच शिवतो, त्यात काय चुकले?” असे एकीने विचारले, आणि तिचे म्हणणे चूक नव्हते. आपल्या मुलीचा झगा आईने शिवू नये, असे कोण म्हणेल? तेव्हा निवृत्त शिक्षिका हळूच म्हणाल्या, “मी परवा पोलके शिवले. बेतण्यापासून काजे-बटणापर्यंत नऊ तास लागले. मी नवखी आहे. मावशींना तीन लागत असतील. गेली वीस वर्षे मी दर पोलक्यामागे त्यांच्याशी दहावीस रुपयांची घासाघीस करत आले.” यानंतर कुणीच वाद घातला नाही. प्रत्येकजण बहुधा आपापली घासाघीस आठवत होता.

स्वतः शिवण्याचे सर्वांत मोठे फळ हेच आहे, असे मला वाटते. ज्याने एक गळा तीनदा उसवला आहे, त्याला दुकानातील कुडता आता नुसता कुडता दिसत नाही. त्यावर फिरलेला हात दिसतो. कारखान्यात एक शर्ट अनेक हातांतून जातो. एकजण दिवसभर केवळ कॉलर जोडतो, दुसरा केवळ बाह्या, आणि पुरा शर्ट ज्याच्या अंगावर जातो तो त्यांना कधी दिसत नाही, तेही त्याला दिसत नाहीत. ढाक्याजवळील सावर येथे 24 एप्रिल 2013 रोजी राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. 1134 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक कपडे शिवणारे कामगार, आणि त्यांत स्त्रिया अधिक. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. त्याच इमारतीतील बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली. शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावण्यात आले. तेथील मजुरी महिन्याला 38 युरो होती असे वाचून पोप फ्रान्सिस यांनी 1 मेच्या मिस्सामध्ये तिला गुलामीचे श्रम म्हटले. संत जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या आपल्या श्रमविषयक विश्वपत्रात सांगितले होते की, कामाचे मोल ते करणाऱ्या माणसावरून ठरते. बाजारात हा क्रम उलटा होतो. वस्तूच्या भावावरून माणसाचा भाव ठरतो. आपल्याला स्वस्त मिळते तेव्हा उरलेली किंमत कुणीतरी दुसरा चुकवीत असतो.

शेवटी सभागृहातील मंडळी मावशींकडे गेली. महिन्यातून दोन शनिवार त्यांनी येऊन बेतकाम शिकवावे आणि त्याचे मानधन त्यांनीच सांगावे, असे ठरले. ज्या घरांना झगा परवडत नाही, त्यांच्या मुलींचे झगे सभागृहात शिवले जातील. बाकीच्यांनी, घरातील माणूस स्वतः शिवणार नसेल तर, मावशींकडेच जावे. एवढ्याने सारे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. मावशींची गिऱ्हाइके घटतच आहेत, कारण त्यांचा खरा स्पर्धक सभागृहात नसून तयार कपड्यांच्या ढिगात आहे. त्यापुढे आमचे धर्मग्राम फार लहान आहे. पण जे आपल्या हातात होते ते न करण्यासाठी हे कारण पुरेसे नाही.

पहिल्याच शनिवारी मावशींनी जे शिकवले ते मी मागच्या बाकावर बसून ऐकले. कापडावर खडूने आखून त्या म्हणाल्या, “रेघेवर कापायचं नाही. माया सोडा. कापड वाचवायला माया कापू नका, माणूस वाढतो.” शिवणीच्या आत जास्तीचे जे कापड राखून ठेवतात, त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, पण त्या दिवशी तो नव्याने ऐकला. कारखान्यात हजारो नगांवर कापड वाचवायचे असते, म्हणून तेथे माया थोडकी. घरी शिवणाऱ्याला ठाऊक असते की हा देह पुढच्या वर्षी असाच राहणार नाही.

मी शाळकरी वयात लघुसेमिनरीत गेलो, तेव्हा माझी आई दर सुट्टीपूर्वी माझ्यासाठी सदरा शिवून ठेवीत असे. मी समोर नसताना ती अंदाजानेच बेतायची. बाह्या नेहमी लांब व्हायच्या आणि मला त्याचा राग यायचा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना आपल्या मुलाला मंदिरात अर्पण करते आणि दर वर्षी एक छोटासा झगा शिवून त्याच्याकडे नेते, हे मी पुष्कळदा वाचले होते. वर्षभर न पाहिलेल्या मुलाचे माप तिने कसे घेतले असेल? तिनेही माया सोडली असेल. माझ्या आईने दुमडलेल्या त्या बाह्यांत किती कापड राखून ठेवले होते, ते आता तिला विचारता येत नाही.

आपल्या व्यवहारातही अशी माया राखायला हवी. मजुरी ठरवताना अगदी रेघेवर कात्री चालवली, तर हिशेब बरोबर येतो. पण समोरच्याच्या आजारपणाला, म्हातारपणाला, मुलांच्या वाढीला त्यात जागा उरत नाही.

गेल्या महिन्यात मी मावशींकडे नवा पांढरा झगा शिवायला टाकला. इतकी वर्षे माझे झगे कोण शिवते आणि त्याला किती पैसे मिळतात, हे मी कधी विचारलेच नव्हते. या वेळी विचारले. त्यांनी रक्कम सांगितली, मी ती दिली. झगा घरी आणून उलटा करून पाहिला, तर दोन्ही कडांना बोटभर कापड आत राखलेले होते. एवढे कशाला, असे मी नंतर त्यांना म्हणालो.

“असू द्या, फादर,” त्या म्हणाल्या. “पन्नाशीनंतर लागते.”