ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याचा अपराध घडतो काय?

सह्याद्रीच्या उतारावर, दरडीच्या मातीत बीळ करून राहणारे कोळी आहेत. ते हवेत जाळे पसरीत नाहीत. बिळाच्या तोंडाशी माती व रेशीम यांचे झाकण बसवितात. त्यास रेशमाचीच बिजागरी असते. रात्री झाकण किंचित उचलून कोळी टपून बसतो आणि जवळून जाणाऱ्या किड्यावर झडप घालितो. दिवसा ते दार मातीत असे मिसळून जाते की, शेजारून रोज गुरे नेणाऱ्यासही त्याचा पत्ता लागत नाही.

मादी बहुधा सारा जन्म एकाच बिळात काढिते, व पिले आईपासून फार दूर जात नाहीत. ऑस्ट्रेलियात अशा एका मादीवर 1974 पासून नजर ठेविली होती. ती 43 वर्षे जगली, आणि 2016 साली तिचे बीळ रिकामे आढळले. म्हणून यांतील एखादी जात एका डोंगरापुरतीच असणे शक्य आहे. रबराच्या बागेसाठी किंवा चिऱ्याच्या खाणीसाठी तो उतार यंत्राने एका दिवसात कापिला जातो.

येथे कोणी म्हणेल, जे ठाऊकच नव्हते त्याचा दोष कसला? हा आक्षेप हलका नव्हे. अंधारात मुंगीवर पाय पडला, तर त्या माणसास कोणी निर्दय म्हणत नाही. परंतु नकळणे निराळे, आणि पाहण्याची तसदीच न घेणे निराळे.

आपल्या आंबोलीचेच घ्या. हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाजवळील कुंडात एक लहानसा मासा राहतो. 2020 साली अभ्यासकांनी ती स्वतंत्र जात म्हणून ओळखिली व तीस नदीचेच नाव दिले. 2021 साली शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ ठरविली. हे योग्यच झाले. पण मासा तोच, पाणी तेच. मग 2019 साली तो कमी मोलाचा होता काय? त्याच 2021 साली ठाण्याकडील एका इवल्या उड्या मारणाऱ्या कोळ्यास तुकाराम ओंबळे यांचे नाव मिळाले. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत ज्यांनी प्राण दिले, ते हे पोलीस. कोणी वाकून पाहिले, म्हणून त्या जीवास नाव लाभले. जीव मात्र आधीपासूनच होता.

तेव्हा दरड कापण्यापूर्वी एके रात्री दिवा घेऊन ती पाहावी, आणि झाकणे दिसली तर तेवढा भाग सोडावा, इतके मागणे मला न्याय्य वाटते. खाणवाल्यास हे सहज सांगता येईल. ज्याची जमीनच दहा गुंठे, त्यास किती सोडावयास सांगावे, याचा निर्णय मजकडून अद्याप झालेला नाही.