गोधडीचा भाव

भाव वाढवावा की वाढवू नये, हा प्रश्न ज्याचं दुकान नाही त्याला फार सोपा वाटतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘वाढवू नका.’ अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणतो, ‘खुशाल वाढवा.’ दोघंही आपापल्या घरी जाऊन सुखानं झोपतात. जागा राहतो तो दुकानदार. आणि दुकानदार मराठी मध्यमवर्गीय असला, तर त्याच्याबरोबर सगळं घर जागं राहतं.

आमच्या वहिनींचं गोधड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे पुण्यातल्या आमच्या जुन्या घराची ओसरी, एक लाकडी कपाट आणि कपाटावर झोपणारं मांजर. गिऱ्हाइकांनी जुन्या साड्या आणून द्यायच्या, वहिनींनी त्यांचे थर लावून टाचून ठेवायचे आणि शिवणाऱ्या मावशींनी त्यावर हातानं धावदोरा घालायचा. मोठ्यांची गोधडी आणि तान्ह्या बाळाचं दुपटं, याखेरीज तिसरी वस्तू नाही. हिशेब माझ्याकडे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं काही येत नाही, याबद्दल घरात एकमत आहे.

मोठ्या गोधडीचा भाव २०१९ पासून अडीच हजार रुपये. त्यानंतर कोरोना येऊन गेला, दूध वाढलं, रिक्षाचं मीटर वाढलं, दादांचा रक्तदाबसुद्धा वाढला. गोधडी मात्र जागची हलली नाही. शेवटी एके दिवशी वहिनींनी दबक्या आवाजात विचारलं, “भावोजी, वाढवू या का हो भाव?” शेजारच्यांच्या झाडाची कैरी पाडायची असावी, असा तो आवाज.

दादा, म्हणजे आमचे थोरले बंधू, निवृत्त शिक्षक. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. दादांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं की दुसऱ्या वाक्याला कौटिल्य येणार, हे आम्हाला पाठ झालं आहे.

“भाव वाढवणं म्हणजे अडलेल्याला नाडणं,” दादा म्हणाले. “कौटिल्यानं व्यापाऱ्याचा नफा बांधून दिला होता. देशी मालावर शंभराला पाच, परदेशी मालावर दहा!”

प्रश्न काही आपल्याच ओसरीवरचा नाही. युरोपात तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस नावाचा मोठा ख्रिस्ती पंडित होऊन गेला. वस्तू तिच्या योग्यतेपेक्षा जास्त किमतीला विकणं रास्त आहे का, याचा त्यानं यथासांग खल केला. फसवून जास्त घेणं हे पाप, असं बजावलं. पण त्याच दमात, योग्य किंमत काही गणितासारखी काटेकोर नसते, ती अंदाजानंच ठरते, हेही सांगून टाकलं. थोडक्यात काय, तत्त्व पंडितानं सांगायचं आणि आकडा हिशेबनिसानं शोधायचा.

मग मी आकडा शोधायला बसलो.

अडीच हजारांतले चारशे अस्तर, दोरा, सुया यांचे. सहाशे दुकानाचे, त्यात वहिनींची मेहनत, वीज आणि मांजराचं दूध. उरलेले पंधराशे मावशींचे. मावशी रोज पाच तास शिवतात आणि एक मोठी गोधडी नऊ दिवस घेते. पंचेचाळीस तासांचे पंधराशे. तासाला तेहेतीस रुपये आणि वर थोडे पैसे! एवढ्यात दोन चहा होतात. बिस्किट खायचं असलं तर पुढच्या तासाची वाट पाहायची.

“इतकं कमी?” वहिनी म्हणाल्या. दादा काही बोलले नाहीत. कौटिल्यही गप्प बसला.

गिऱ्हाइकांचं मात्र उलट. “अडीच हजार? नुसते धावदोरेच तर आहेत!” हे वाक्य आमच्या ओसरीनं इतक्या वेळा ऐकलं आहे की, ते एखाद्या दिवशी मांजर म्हणेल. पेट्रोल पंपावर “शेवटचं किती घेणार?” असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. डॉक्टरांना “नुसती नाडीच तर पाहिलीत” असंही कुणी म्हणत नाही. पण सुई-दोऱ्यापुढे सगळे शूर. “आमच्या आजी फुकट शिवायच्या,” असंही एक बाई म्हणाल्या. खरंच आहे. आजी फुकट शिवायच्या, फुकट दळायच्या, फुकट निवडायच्या. बायकांच्या हाताला वेळेचा हिशेब नसतो, ही समजूत इतकी जुनी आहे की, आजी गेल्या तरी ती समजूत मागे राहिली. आणि आजीनं शिवलं ते नातवासाठी. मावशींची आणि त्या बाईंची ओळखसुद्धा नाही!

इथपर्यंत प्रकरण सरळ होतं. ते वाकडं केलं खुद्द मावशींनी.

“ताई, भाव नका वाढवू,” त्या वहिनींना म्हणाल्या. “गिऱ्हाईक तुटलं तर मी काय करू? थोडे का होईना, हातात येतायत.”

आता आली का पंचाईत! ज्यांच्यासाठी भाव वाढवायचा त्याच नको म्हणतात. दादांनी लगेच विजयी मुद्रेनं आमच्याकडे पाहिलं. पण मावशी काय म्हणत होत्या? मजुरी पुरते, असं त्या म्हणतच नव्हत्या. जे आहे तेही जाईल, अशी भीती त्या सांगत होत्या. भीतीनं दिलेल्या होकाराला संमती म्हणायचं, तर मग कर्जदारही सावकारावर खूश असतो म्हणायला हवं.

तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. इतकी वर्षं भाव न वाढवल्याबद्दल वहिनींचं पेठेत नाव आहे. ‘हल्लीच्या काळात इतकी साधी माणसं!’ असं लोक म्हणतात. पण या साधेपणाचे पैसे भरत कोण होतं? गिऱ्हाइकाला दिलेली सवलत मावशींच्या बोटांतून जात होती. याला आपल्याकडे फार नेमका शब्दप्रयोग आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. आणि पुण्य तुळशीपत्र ठेवणाऱ्याच्या खात्यावर!

मात्र नुसता भाव वाढवून मोकळं व्हावं, तर तेही तुळशीपत्रच. गोधड्या पडून राहिल्या तर उपास मावशींनाच. म्हणजे स्वस्ताईचा खर्च त्यांचा आणि महागाईचा धोकाही त्यांचाच.

मी दादांचं ‘अर्थशास्त्र’ घेतलं आणि दुसरं पान काढलं. सुताच्या कामावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यानं सूत बारीक, मध्यम की जाड, हे पाहून वेतन ठरवावं, असं तिथे सांगितलं आहे. घरी बसून सूत कातणाऱ्या बायकांचाही विचार आहे. चांगलं काम करणाऱ्यांना वर तेल आणि आवळ्याचं उटणं द्यावं, इथपर्यंत बारकावा! दादांनी ते पान दोनदा वाचलं. “हं,” म्हणाले. शिक्षकाचं ‘हं’ म्हणजे पासापुरते गुण.

अखेर ठरलं ते असं. आधी भाव नाही, आधी मजुरी. तासाला साठ रुपये. म्हणजे गोधडीचे सत्तावीसशे, काम पुरं झालं की रोख. गोधडी विकली जावो, न जावो. मग त्यात चारशे आणि सहाशे मिळवून जो आकडा येईल तो भाव: सदतीसशे. गिऱ्हाईक तुटलं तर झळ आधी दुकानाच्या सहाशेला. दुपटं मात्र जुन्याच भावात, कारण “बाळानं कुणाचं काय घोडं मारलंय?” असं वहिनींचं म्हणणं. त्यातली तूट वहिनी आपल्या वाट्यातून भरणार. दान करायचं तर असं, आपल्या डब्यातून.

पहिल्या महिन्यात पाच गोधड्यांची गिऱ्हाइकं परत गेली, तीन टिकली. मावशी अजून साशंक आहेत. मलाही आकडा बरोबर आला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. अक्वायनसालाही आला नव्हता.

दादांनी मात्र स्वतःच्या अक्षरात कपाटावर पाटी लावली आहे: ‘भाव एकच. नुसते धावदोरेच आहेत असे वाटणाऱ्यांसाठी सुई-दोरा आत ठेवला आहे. चार ओळी घालून दाखवाव्यात.’

सुई अजून नवीकोरी आहे.